‘आम्ही बोललो, त्याचं पुढे काय झालं?’ : धर्मग्राम परिषदेत तरुणांना जागा मिळेपर्यंत

आमच्या धर्मग्राम परिषदेवर, म्हणजे चर्चच्या कामकाजात फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळावर, तरुण सदस्य रीतसर आले ते २३ नोव्हेंबर २०२५ ला, ख्रिस्तराजाच्या सणादिवशी. धर्मप्रांतांच्या (एकेका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशांच्या) पातळीवर जागतिक युवा दिन २०२१ पासून याच रविवारी साजरा होतो, म्हणून फादरांनी मुद्दाम हा दिवस धरला. कामाला सुरुवात जानेवारीत झाली होती. परिषदेची चिटणीस म्हणून या प्रवासातले बहुतेक कागद माझ्या हातून गेले, आणि धर्मशिक्षणाची शिक्षिका म्हणून यातली बरीच मुलं माझ्या वर्गातून गेलेली. हा विषय आता इतर धर्मग्रामांतही निघतो आहे आणि ‘सुरुवात कुठून करायची?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे.

निमित्त झालं ते सिनडच्या, म्हणजे पोपांनी बोलावलेल्या जागतिक धर्मसभेच्या, अंतिम दस्तऐवजाचं. तो २६ ऑक्टोबर २०२४ ला मंजूर झाला आणि पोप फ्रान्सिस यांनी त्यावर वेगळं प्रबोधनपत्र (पोपांचं उपदेशपर पत्र) न लिहिता तो थेट सगळ्या ख्रिस्तसभेच्या हाती दिला. पारदर्शकता, हिशेब देण्याची जबाबदारी आणि सर्वांचा सहभाग असलेल्या परिषदा यांवर त्यात बराच भर आहे. जानेवारीच्या बैठकीत फादरांनी विचारलं, “आपल्यात तिशीच्या आतलं कोण आहे?” कोणीच नव्हतं. युवा गटाचं काम पाहणारे दोन सदस्य होते, पण तेही चाळिशी ओलांडलेले.

सगळ्यात आधी मी परिषदेची नियमावली शोधून काढली, आणि हाच माझा पहिला सल्ला आहे. आमची प्रत कार्यालयातल्या एका जुन्या फाइलमध्ये होती आणि बहुतेक सदस्यांनी ती कधी वाचलेली नव्हती. त्यात सदस्यत्वासाठी २१ वर्षं पूर्ण असण्याची अट होती. मग चर्चचा कायदा उघडला. धर्मग्राम परिषदेबद्दलचा कॅनन (कलम) ५३६ सांगतो की बिशपांनी धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घेऊन ठरवलं तर अशी परिषद स्थापावी, ती त्यांनी घालून दिलेल्या नियमांनुसार चालावी आणि तिचं मत सल्ल्याच्या स्वरूपाचं असावं. वयाचा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे २१ ची अट आली होती धर्मप्रांताच्या नमुना नियमावलीतून, आणि ती बदलायची तर बिशपांच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागणार होता.

मी अर्ज लिहायलाच घेतला होता, पण फादर म्हणाले, “आधी त्यांना विचारा, त्यांना हे हवं आहे का.” त्यामुळे अर्ज बाजूला ठेवून तरुणांची एक बैठक ठरवायला घेतली.

इथून कागदपत्रांचा दुसरा भाग सुरू झाला. कॅनन ९७ प्रमाणे १८ पूर्ण झाल्यावर माणूस सज्ञान. आमच्या बैठकीला चौदा-पंधरा वर्षांची मुलंही येणार होती. पालकांचं लेखी संमतिपत्र, बैठकीत नेहमी किमान दोन प्रौढ, त्या प्रौढांचं बालसुरक्षेचं प्रशिक्षण, आचारसंहितेवर सही, चारित्र्य पडताळणी, हे सगळं लागलं. पडताळणीलाच काही आठवडे गेले, त्यामुळे तो अर्ज सर्वांत आधी टाका. संमतिपत्रावर फोटोची परवानगी वेगळी मागा. ‘बैठकीला येऊ द्या, पण फोटो कुठे टाकू नका’ असं म्हणणारे पालक असतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

बिननावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवायची असेल तर एक गोष्ट आधी ठरवा. एखाद्या चिठ्ठीत छळाची, अत्याचाराची गोष्ट निघाली तर ती कोणाकडे, किती वेळात पोहोचवायची? आम्ही मुलांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं की बाकी सगळं आमच्यात राहील, पण कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचं कळलं तर ते गुप्त ठेवण्याचं वचन आम्ही देऊ शकत नाही. ज्यांच्याशी बोलता येईल त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर फळ्यावर लिहून ठेवला. मला वाटलं होतं, हे ऐकून मुलं बिचकतील. झालं उलटंच. एकजण म्हणाला, “पहिल्यांदाच कुणीतरी नियम आधी सांगितले.”

बैठक उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या काळात, घ्यायची ठरली. तो ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार २०२५ मध्ये ५ मार्चला होता. आम्ही सुचवलेली पहिली तारीख तरुणांनी नाकारली, कारण ऐन परीक्षेत येत होती. दुसरी वेळ सुटीच्या दिवशी सकाळची होती. त्या वेळी पाळीत काम करणारे तरुण येऊ शकत नव्हते. त्यांनीच आपसात विचारून शनिवारची संध्याकाळ ठरवली. एवढ्यावरूनच एक गोष्ट लक्षात आली. आमच्या नेहमीच्या सभा ज्या वेळी होतात, त्या वेळी तरुणांनी यावं अशी रचनाच नव्हती. ‘मुलं येत नाहीत’ ही तक्रार आमच्या इतिवृत्तांत वर्षानुवर्षं आहे. वेळ बदलून पाहावी असं मात्र त्यांत कुठेच नाही.

खर्च तसा फार नव्हता. छपाई, झेरॉक्स, आणि दूरवरून येणाऱ्या मुलांचं जाण्या-येण्याचं भाडं. भाड्याचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं, ते युवा गटातल्या एका मुलीने लिहून दिलं. ‘भाडं मिळेल का?’ असं सगळ्यांसमोर विचारायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून ते प्रत्येकाला पाकिटातून द्यावं, हेही तिचंच. अर्थसमितीने मंजुरी दिली. वर्षाच्या अंदाजपत्रकात यासाठी वेगळी ओळ नसेल तर ती आधीच घालून घ्या, ऐनवेळी कुणाच्या तरी खिशातून पैसे जायला नकोत.

बैठकीची पद्धत आम्ही सिनडमधून घेतली होती, ‘पवित्र आत्म्यातील संवाद’. ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनात गोल टेबलांभोवती हीच पद्धत वापरली गेली. आधी प्रार्थना. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडायचं, कुणी मध्ये बोलायचं नाही, मग शांतता. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला भिडलं ते सांगायचं, पुन्हा शांतता. तिसऱ्या फेरीत एकत्रितपणे काय पुढे येतं आहे ते शोधायचं. वाचायला सोपी वाटणारी ही पद्धत प्रौढांना प्रत्यक्षात जड जाते. कुणी दुःख सांगितलं की आमच्या तोंडून लगेच उपाय निघतो, कुणी शंका काढली की उत्तर निघतं. वेळ पाळायचं काम तरुणांनी एका सोळा वर्षांच्या मुलीकडे दिलं होतं. ती फोनवर तीन मिनिटांचा गजर लावून बसली होती आणि परिषदेच्या ज्येष्ठ सदस्यांनाही तिने तितक्याच नम्रपणे थांबवलं.

एकोणीस वर्षांचा एक मुलगा बोलला. तो म्हणाला, “वडील गेल्यावर काही महिने मी रोज संध्याकाळी मिस्साला येत होतो. शेवटच्या बाकावर बसायचो. त्या काळात इथे माझ्याशी जे कुणी बोललं ते एकच बोललं, ‘जरा खुर्च्या लावायला ये.’ मी लावल्याही. पण मी रोज का येतो, हे कुणीतरी विचारेल असं वाटत होतं.” गजर व्हायला अजून वेळ होता, पण तो तिथेच थांबला. नियमाप्रमाणे पुढचा माणूस बोलायचा होता. पुढची होती एक तरुणी. ती म्हणाली, “मी माझी वेळ शांततेसाठी देते.” तिच्या वाट्याची तीनही मिनिटं सगळे तसेच बसून राहिले. मी इतकी वर्षं प्रार्थनासभा घेतल्या, पण आपली बोलण्याची पाळी दुसऱ्याच्या दुःखासाठी सोडून द्यावी, हे तिच्याकडून शिकले.

दुसरी एक मुलगी म्हणाली की देवाबद्दल शंका येतात असं तिने एकदा सांगितलं तेव्हा तिच्या हातात एक प्रार्थनापुस्तिका ठेवण्यात आली. “मला पुस्तिका नको होती असं नाही, पण आधी माझा प्रश्न पूर्ण ऐकायला हवा होता.” हे ऐकताना मला ‘ख्रिस्तुस विवित’ आठवलं. २०१८ च्या युवाविषयक सिनडनंतर पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ ला लोरेतो इथे सही केलेलं हे प्रबोधनपत्र आहे. त्याच्या ६५ व्या परिच्छेदात नेमकी हीच गोष्ट आहे. तरुणांचे खरे प्रश्न वर येऊ न देता आपण तयार उत्तरं पुढे करतो, येशू करायचा तसं करत नाही. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने दोन शिष्यांना आधी विचारलं, ‘तुम्ही कशाबद्दल बोलत आहात?’ त्याला सगळं ठाऊक असतानाही त्याने विचारलं, आणि ते सांगून होईपर्यंत त्यांच्याबरोबर चालत राहिला. हा उतारा मी वर्गात कितीदा शिकवला आहे. त्या संध्याकाळी तो मला नव्याने कळला.

बैठक संपताना मी आभार मानायला उभी राहिले. तेवढ्यात गजर सांभाळणाऱ्या मुलीने हात वर केला. “टीचर, आम्ही हे बोललो, त्याचं पुढे काय होणार? आणि कधी कळणार?” तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. आधीच्या एका शिबिरातही त्यांच्याकडून मोठमोठे कागद भरून घेतले होते आणि त्यांचं पुढे काय झालं हे त्यांना कधीच कळलं नव्हतं.

आमचं बाकीचं सगळं काम या एका प्रश्नातून उभं राहिलं. इतिवृत्त नेहमीसारखं न लिहिता आम्ही तक्ता केला. मुद्दा काय, उत्तर कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘विचार करू’ हे उत्तर तरुणांनी मान्य केलं नाही. ‘नाही’ चालेल म्हणाले, पण कारण हवं. हा तक्ता चर्चच्या सूचनाफलकावर लावायचा असंही ठरलं. मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच. बाकी काही जमलं नाही तरी तुम्ही एवढं तरी करा.

अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला गेला. मसुदा मी आणि दोन तरुणांनी मिळून लिहिला. त्यात संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा आधार दिला. तिच्या तिसऱ्या प्रकरणात, महत्त्वाच्या गोष्टी ठरवताना सगळ्यांना बोलवावं, कारण अधिक चांगलं काय ते प्रभू अनेकदा धाकट्याला प्रकट करतो, असं सहाव्या शतकात सांगून ठेवलेलं आहे. अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासह घेतली. पुढे आठवणपत्र लिहिताना ती फार कामी आली.

ईस्टर २० एप्रिलला होता. दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस वारले. ८ मेला पोप लिओ चौदावे निवडले गेले. या काळात कार्यालयाकडून उत्तर येईल अशी आम्ही अपेक्षा धरली नाही. पण पोप फ्रान्सिस गेले त्या आठवड्यात मुलांनी स्वतःहून जपमाळेची प्रार्थना ठेवली आणि मला फक्त दारं उघडायला या म्हणाले. मी गेले, दारं उघडली आणि मागे बसले.

मेच्या परिषदेत वयाच्या मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं होतं की मुलांना अनुभव नाही, आणि परिषदेत आर्थिक विषयही येतात. काळजी मनापासूनची होती. निमंत्रित म्हणून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने एक कागद काढला. त्यावर कॅनन २१२ चा तिसरा परिच्छेद होता. आपल्या ज्ञानानुसार, पात्रतेनुसार ख्रिस्तसभेच्या हिताबद्दलचं मत धर्मगुरूंसमोर मांडणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यही. त्याने तो वाचला आणि विचारलं, “काका, दृढीकरणाच्या वेळी तुम्हीच आम्हाला सांगितलं की आता तुम्ही ख्रिस्ताचे साक्षीदार. मग साक्ष कुठे द्यायची?” ते सदस्य थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तू माझ्या शेजारी बस.” पुढच्या प्रत्येक बैठकीत तो त्यांच्याच शेजारी बसला.

पेन्टेकॉस्टचा सण ८ जूनला होऊन गेल्यावर मी आठवणपत्र दिलं. उत्तर म्हणून प्रश्न आले. १८ खालच्या सदस्यांची जबाबदारी कोणाची? गोपनीय विषयांचं काय? मुदत किती? उत्तरं लिहून पाठवली आणि पुन्हा वाट पाहिली. तरुणांना मी दर रविवारी सांगत होते, ‘अजून काही आलं नाही.’ त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. काही कळवण्यासारखं नाही, हेही कळवायचं असतं हे मला त्यातून उमजलं.

जुलै-ऑगस्टमध्ये रोममध्ये युवांची ज्युबिली, म्हणजे ज्युबिली वर्षातला तरुणांचा मेळावा, झाली. आमचं कुणी तिथे जाऊ शकलं नाही. २ ऑगस्टचा तोर व्हेर्गाता इथला जागरणविधी मुलांनी एकत्र बसून पडद्यावर पाहिला. त्यानंतर त्यांची मागणी आली. महिन्यातून एक तास पवित्र साक्रामेंताची (पवित्र केलेल्या भाकरीतल्या ख्रिस्ताची) आराधना हवी, आणि तीत गाणी, निवेदन, माईक काहीही नको. युवा कार्यक्रम म्हणजे गिटार आणि कृतिगीतं, असं आम्ही धरून चाललेलो. परिषदेत शंका निघाली की तासभर शांत बसणार कोण? पहिल्या तासाला युवा गटात एरवी कधी न दिसणारे चेहरे आले. कुणी मोजणी केली नाही, ती करू नये असंही तरुणांनीच सुचवलं होतं.

परवानगीचं पत्र ऑगस्टच्या अखेरीस आलं. १८ पूर्ण झालेल्यांना पूर्ण सदस्यत्व, १६ ते १८ वयाच्यांना कायम निमंत्रित म्हणून बोलण्याचा हक्क, मुदत एक वर्ष, पुन्हा निवड शक्य. मुदत वर्षाची ठेवा असं तरुणच म्हणाले होते, कारण शिक्षणासाठी, नोकरीसाठी त्यांना गाव सोडावं लागतं. प्रौढांची मुदत तीन वर्षांची आहे.

७ सप्टेंबरला कार्लो आकुतिस आणि पिएर जॉर्जो फ्रास्साती संत घोषित झाले. आम्ही कार्लोचे मोठे फलक लावायच्या विचारात होतो. तरुणांचं म्हणणं वेगळं पडलं. पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये गेलेल्या कार्लोला सगळे संगणकामुळे ओळखतात, पण तो रोज मिस्साला जायचा हे आधी सांगा, म्हणाले. आणि फ्रास्साती चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला, त्याने तूरिनमधल्या गरिबांसाठी काय काय केलं हे त्याच्या घरच्यांनासुद्धा पुरतं माहीत नव्हतं. त्याच्या अंत्ययात्रेला ते गरीब लोटले तेव्हा ते कळलं. मग फलकांचे पैसे बाजूला ठेवून मुलांनी अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसांच्या भेटींची यादी केली. प्रत्येक भेटीला दोघे, आधी फोन करून, आणि भेटीचे फोटो काढायचे नाहीत.

ऑक्टोबरमध्ये निवड झाली. हात वर करून निवडायला तरुणांनी नकार दिला, कारण बोलक्या मुलांनाच मतं पडतात. त्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, आणि एक जागा अशा तरुणासाठी राखली जो कोणत्याही गटात नाही. ती जागा खुर्च्या लावणाऱ्या त्या मुलाला मिळाली.

नव्या सदस्यांनी पहिल्याच बैठकीत वर्गणीचा विषय काढला. युवा दिनाला गोळा झालेले पैसे कुठे खर्च झाले ते फलकावर लावावं. कॅनन १२८७ प्रमाणे श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यायचा असतोच, स्थानिक नियमांनुसार. खजिनदारांनी पुढच्या रविवारी तो लावला. लोक थांबून वाचत होते. महिनाभराने दुसऱ्या दोन समित्यांनीही आपले हिशेब तिथेच लावले.

मार्चच्या तक्त्यातले काही मुद्दे अजून उघडे आहेत. पापनिवेदनाची वेळ संध्याकाळी उशिरा ठेवता येईल का, हा त्यातला मोठा. धर्मगुरू कमी, मिस्सा जास्त, त्यामुळे फादरांनी सध्या ‘नाही’ असं लिहिलं आहे, खाली कारण लिहिलं आहे आणि उपवासकाळात पुन्हा विचार करण्याची तारीख टाकली आहे. उताराचा रॅम्प बांधण्याचं काम अर्थसमितीकडे आहे, दोन अंदाजपत्रकं आली आहेत, तिसऱ्याची वाट आहे. शंका असलेल्यांसाठी प्रश्नांचा तास दर पंधरवड्याला होतो. तो घेणाऱ्या प्रौढांसाठी तरुणांनी एकच नियम घातला आहे. पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही. मी तो तास घेते. तक्ता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्याने लागतो, आणि तो लावण्याचं काम गजर सांभाळणाऱ्या त्या मुलीकडे आहे.